उत्तर यंत्र देईल, ताळा कोण करणार?



हल्ली दोन माणसे शिक्षणावर बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला 'एआय' येतेच. लग्नाच्या पंगतीत भेटणारे भाचे, पुण्याहून देवदर्शनाला आलेले जुने विद्यार्थी, पेपरातले अग्रलेख, सगळ्यांचे म्हणणे एकच: "मुलांना आत्तापासून तयार करायला हवे." बरोबर आहे. पण कशासाठी तयार करायचे, कशाने करायचे आणि कोणी करायचे, असे विचारले की जरा शांतता पसरते. मग उत्तर येते, "रोबोटिक्सचा क्लास लावलाय की!"

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. :) शाळेत एक खोका आणायचा, त्याची फीत कापायची, भिंतीवर 'एआय लॅब' असे रंगवायचे आणि याला तयारी म्हणायचे, ही पालकांची आणि त्याहून जास्त मुलांची फसवणूक आहे. येणाऱ्या काळासाठी मुलाला सगळ्यात आधी जी गोष्ट लागणार आहे ती कुठल्याही खोक्यात येत नाही. ती आपल्या जुन्या अंकगणितात होती. तिचे नाव ताळा.

नव्या पिढीला शब्द माहीत नसेल म्हणून थोडे गणित करू. ४७ गुणिले ३५ केले, उत्तर आले १६४५. आता ताळा करायचा. ४ आणि ७ मिळून ११, म्हणजे १ आणि १ मिळून २. ३ आणि ५ मिळून ८. २ गुणिले ८ म्हणजे १६, त्याचे ७. आता उत्तराचे अंक मिळवा: १, ६, ४, ५ मिळून १६, त्याचेही ७. जुळला! एखाद्याने १६५५ लिहिले असते तर ८ आले असते, म्हणजे गुणाकार नक्की चुकला. पण खरी गंमत पुढे आहे. कोणी १६५४ लिहिले तर? अंक तेच, फक्त जागा बदललेल्या, त्यामुळे ताळा जुळतो आणि उत्तर मात्र चूक! वर्गात हे दाखवले की मुले चक्रावून जायची. मग सांगायचे, ७ पाचे ३५, म्हणजे उत्तराच्या शेवटी ५ च हवा. शिवाय ४७ म्हणजे जवळजवळ ५०, तेव्हा उत्तर १७५० च्या थोडे आत हवे. म्हणजे एकाच उत्तराला तीन बाजूंनी टोकून बघायचे. नारळ घेताना आपण हलवून बघतो, टिचकी मारून बघतो, तसेच!

ही सवय नुसती गणिताची नाही. समोर आलेले उत्तर, ते कितीही ठसक्यात आलेले असो, आपल्याला आधीच जे ठाऊक आहे त्याच्याशी लावून बघायचे. आणि ताळा करायचा तर पदरी काहीतरी असावे लागते. पाढे लागतात, अंदाज लागतो, वाचलेले आठवावे लागते. रिकाम्या डोक्याने ताळा होत नाही.

आता ही नवी यंत्रे काय करतात ते बघा. चॅटजीपीटीसारख्या यंत्राला जगभरचा अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यावरून ते एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त आहे याचा अंदाज बांधत बांधत उत्तर रचते. म्हणून त्याची भाषा गुळगुळीत असते. माहीत असलेले आणि माहीत नसलेले, दोन्ही ते सारख्याच ऐटीत सांगते. वर्गात उत्तर न येणारे पोर निदान चुळबुळ करते, वरच्या पट्टीत बोलते, खिडकीबाहेर बघते. बाईंना लगेच कळते! यंत्र चुळबुळ करत नाही. तंत्रज्ञ याला 'हॅलुसिनेशन' असे भारदस्त नाव देतात. आमच्याकडे याला थाप म्हणतात.

या थापेला शिकलेली माणसेही फसतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी जे जुने निकाल दाखले म्हणून दिले, त्यातले कित्येक अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचून दिले होते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. वकिलांकडे पदव्या होत्या, इंटरनेट होते, पुस्तके होती. फक्त ताळा केला नव्हता.

आता आमच्या डोंगरावर या. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, जोतिबाच्या गावाचे कागदोपत्री नाव वाडी रत्नागिरी. पन्हाळा तालुका, जिल्हा कोल्हापूर. आमच्या गल्लीतल्या सातवीतल्या एका मुलाने 'माझे गाव' असा प्रकल्प मोबाईलवरून तयार करून, रंगीत छापून, पुठ्ठा घालून आणला. चकचकीत काम! वाचायला घेतले तर आमचे गाव अरबी समुद्राच्या काठी, हवा दमट आणि मुख्य पीक हापूस आंबा. यंत्राने 'रत्नागिरी' एवढेच पाहिले आणि आमचा अख्खा डोंगर उचलून कोकणात नेऊन ठेवला! खाली शाळेचा शेरा होता, 'उत्तम'.

मी विचारले, "अरे, इथे समुद्र कुठे पाहिलास तू?"

"बाई, मोबाईलमध्ये तसंच आलंय."

घराण्याचे गुलाल-खोबऱ्याचे दुकान, जन्म देवळाच्या आवारात गेलेला आणि समुद्र एकदा सहलीत पाहिलेला. तरी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा पडद्यावरचे खरे! हसू आले, पण नंतर रात्रभर ते डोक्यातून जाईना. कारण पोर आळशी नव्हते. त्याने मेहनतीने छापले होते, समास आखले होते. आपल्याला जे माहीत आहे तेही ज्ञानच असते, त्याचा उपयोग दुसऱ्याचे तपासायला करायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. इंग्रजीत जगाचे रतीबच्या रतीब लिहून ठेवलेले आहे. मराठीत त्यामानाने थोडे, आणि आमच्या वाड्यावस्त्यांबद्दल तर चिमूटभर. म्हणजे जिथे यंत्र जास्त चुकणार तिथलीच मुले त्याच्यावर जास्त विसंबणार. हा धोका मला 'नोकऱ्या जातील' याच्याइतकाच मोठा वाटतो.

मग सरकार काय करते आहे? करते आहे, नाही असे नाही. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान आणि अशा दहा हजार शाळा. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५०,००० जाहीर झाल्या. सीबीएसईने २०१९ मध्ये नववीला एआय हा विषय आणला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने जाहीर केले की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि 'संगणकीय विचार' शिकवायचा. हेतू चांगला आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार क्रमाबद्दल आहे.

त्याच देशात 'असर' नावाची पाहणी होते. खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचता येणारी मुले साधारण २७ टक्के निघाली. पाचवीतसुद्धा निम्म्याहून कमी. त्याच पाहणीत १४ ते १६ वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि तो वापरता येणारी मुले ८० टक्क्यांच्या वर. म्हणजे यंत्र पोचले आहे, मंडळी! ते पोचवण्यासाठी आता कोणी वेगळी यात्रा काढायला नको. पोचायचे राहिले आहे ते वाचन. तिसरीच्या ज्या मुलाला 'गाय झाडाखाली बसली' हे अडखळल्याशिवाय वाचता येत नाही, त्याला संगणकीय विचार शिकवणार म्हणजे नेमके काय करणार? चित्रांवर बोट ठेवायला शिकवणार. ते त्याला आपल्याआधी येते!

अशा लाटा मी आधीही पाहिल्यात. १९८४-८५ मध्ये केंद्राने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला, सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे विलायती संगणक दिले. आज ते संगणक संग्रहालयात बघायला मिळतात. २००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी आले. त्याने फार मोठे काम केले, लाखो माणसांची माऊसची भीती गेली. पण तेव्हा पाठ केलेल्या खिडक्या आणि बटणे आज कुठे आहेत? यंत्र बदलले की बटण बदलते. ज्यांनी नुसती बटणे पाठ केली त्यांना दर पाच वर्षांनी नव्याने क्लास लावावा लागला. ज्यांना सूचना वाचून उमजत होत्या त्यांनी घरी बसून शिकून घेतले.

आणि २०२० आठवते ना? घरात कोंडलेली मुले आणि टीव्हीवर कोडिंगच्या जाहिराती. सहा वर्षांच्या पोराने ॲप बनवले आणि दारात गुंतवणूकदार हाणामारी करताहेत! व्हाइटहॅट ज्युनियर ही ती कंपनी, त्याच वर्षी बायजूजने ती ३० कोटी डॉलरला घेतली. जाहिरातींवर तक्रारी झाल्या, काही मागे घ्याव्या लागल्या. २०२४ मध्ये खुद्द बायजूजची मूळ कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. तेव्हा 'कोडिंग आले नाही तर तुमचे मूल संपले' असे सांगत होते. आता कोड यंत्रच लिहून देते, मग तेच लोक 'एआय आले नाही तर संपले' असे सांगतात. पालकांची भीती हा फार जुना धंदा आहे. माल तेवढा बदलतो.

मला इथे अडवून विचारतील, आणि विचारलेही आहे. एका विद्यार्थ्याची आई म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणताय ते खरं, पण पोरगं मागं पडाय नको. शहरातल्या पोरांना सगळं मिळतंय, आमच्यानं निस्तं नारळ फोडत बसायचं व्हय?"

हा प्रश्न खरा आहे, त्याला थट्टेवारी नेऊन चालणार नाही. माझे उत्तर असे. यंत्र शिकवू नका असे मी म्हणतच नाही. शिकवाच. पण शहरातल्या सुखवस्तू मुलाने यंत्राला काही विचारले आणि चुकीचे उत्तर आले, तर घरात इंजिनियर बाप असतो, डॉक्टर आत्या असते, कपाटात पुस्तके असतात. त्याचा ताळा घर करते. नारळवाल्याच्या पोराचा ताळा करायला घरात कोणी नाही. त्याच्यासाठी ताळा करणारी जागा एकच, शाळा. तीच जर 'उत्तम' असा शेरा मारून मोकळी झाली तर ते पोर मागे पडणारच, हातात कितीही भारी मोबाईल असो.

बरे, रोबोट शिकवायला खोकाच लागतो असे कोणी सांगितले? चैत्र यात्रेत आमच्याकडे सासनकाठ्या येतात. उंचच उंच बांबू, वर पताका. एक गडी ती पेलतो आणि बाकीचे चहूबाजूंनी दोऱ्या धरतात. काठी पूर्वेला कलली की पश्चिमेच्या माणसाने दोरी ओढायची आणि पूर्वेच्याने सैल सोडायची. उशीर झाला तर काठी झोक खाते, घाईने जास्त ओढली तर दुसऱ्या बाजूला जाते. डोळा बघतो, डोके ठरवते, हात ओढतो, डोळा पुन्हा बघतो. दोन चाकांवर उभा राहणारा रोबोट हेच करतो. डोळ्याच्या जागी सेन्सर, डोक्याच्या जागी प्रोग्राम, हाताच्या जागी मोटर. एक वेताची काठी, चार सुतळ्या आणि चार पोरे घेऊन हा धडा पटांगणात अर्ध्या तासात होतो. मग आणा खुशाल खोका! त्या मुलांना खोक्यातले तत्त्व आधीच कळलेले असेल. उलट क्रमाने गेले की मुले चित्र बघून तुकडे जोडतात, गाडी चालते, टाळ्या होतात. ती का चालते हे विचारले की सगळे बाईंकडे बघतात.

यात्रेचा आणखी एक धडा. २०२५ च्या प्रयागराजच्या महाकुंभात गर्दी मोजायला एआयचे कॅमेरे लावले होते. तरीही २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्याप्रमाणे ३० भाविक गेले. कॅमेरा माणसे मोजतो. कोणती वाट कधी बंद करायची आणि कोणती उघडायची हे कोणीतरी वेळेवर ठरवायचे असते, आणि ठरवलेले अमलात आणायचे असते. आमच्या डोंगरावर लाखोंची यात्रा भरते. उद्या इथेही असे कॅमेरे असतील, असायलाच हवेत. पण पडद्यावरचा आकडा वाचून 'ही पायरी अरुंद आहे, इथे आत्ताच थांबवा' असे म्हणणारा माणूस इथल्याच शाळेतून निघायला हवा ना?

खाली पंचगंगेच्या खोऱ्यातही तेच. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीने उसासाठी एआय वापरले, उपग्रहाचे नकाशे, मातीतले सेन्सर, हवामान केंद्र असे सगळे. खुद्द सत्या नडेलांनी त्याचे कौतुक केले. जून २०२५ मध्ये राज्याने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी. चांगली गोष्ट! पण मोबाईलवर 'आज पाणी द्या' अशी सूचना आली तरी मोटारीला वीज रात्रीची आहे, शेजाऱ्याचा पाट फुटलाय, आणि बांधाकडची माती वेगळी आहे, हे शेतकऱ्यालाच लक्षात घ्यावे लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत लेथ गेले आणि सीएनसी आले, तेव्हा माझे जे विद्यार्थी टिकले त्यांना ड्रॉइंग वाचता येत होते, माप घेता येत होते, आणि यंत्राचा आवाज बदलला की थांबायचे कळत होते. रोबोट आला तरी यादी फारशी वेगळी होणार नाही.

तंत्र आणि शिक्षक यांचा क्रम कसा असावा याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकले. सगळ्यांना त्यांचे क्यूआर कोड आठवतात. पण त्याआधी काय झाले? मुलींची घरची भाषा कानडी आणि पुस्तके वेगळ्या भाषेत. तेव्हा गुरुजी स्वतः कानडी शिकले, पुस्तके मुलींच्या भाषेत आणली आणि मग त्यांना कोड जोडले. आधी मूल, मग भाषा, मग यंत्र. आपण मात्र शेवटच्या पायरीवरून चढायला बघतो.

आणि शाहू महाराजांच्या या मुलखात तरी हे वेगळे सांगायला नको. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! त्याच राजाने त्याआधी १९०६ मध्ये कापडाची गिरणी उभी केली होती, म्हणजे यंत्राचे वावडे त्यांना नव्हते. पण यंत्र आले म्हणून शाळेची गरज संपली असे त्यांना वाटले नाही.

तेव्हा माझ्या मागण्या चारच आहेत, आणि त्यांना २० लाख लागत नाहीत. एक, पाचवीपासून आठवड्याला एक तास ताळ्याचा. यंत्राला प्रश्न विचारा, उत्तर फळ्यावर लिहा आणि मुलांनी त्यातल्या चुका पुस्तकातून, नकाशातून, गावातल्या जाणत्या माणसाकडून शोधून काढाव्यात. चूक काढेल त्याला गुण! दोन, चौथीपर्यंत रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचन, मराठीत. तीन, वर्गावर शिक्षक. रिक्त जागा भरा आणि असलेल्यांना याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यातून सोडवा. कागद भरायचे काम यंत्राला द्या की, त्यासाठीच तर ते आहे! चार, खोका घ्यायचाच तर तो कुलपात नको. मुलांनी मोडला तर मोडू दे. न मोडलेल्या यंत्रातून कोणी काही शिकलेले मी पाहिलेले नाही.

माझ्या नात्यातल्या मंडळींना वेगळे सांगते, कारण तुम्हीच हे वाचता आणि तुम्हीच क्लासच्या फिया भरता. क्लास लावा, माझी ना नाही. पण मूल काही नवे सांगत आले की 'वा!' म्हणण्याआधी एवढेच विचारा, "हे खरे कशावरून?" सुरुवातीला ते चिडेल. महिन्याभराने तुम्हालाच विचारायला लागेल. तेव्हा तुम्ही चिडू नका, एवढे सांभाळा.

असो. पुष्कळ लिहिले. ज्यांना पटले नाही त्यांनी जरूर भांडावे, फक्त उत्तर यंत्राकडून लिहून आणू नये. आणलेच, तर आधी ताळा करून आणावे. :)

चांगभलं!